कॅमेऱ्याकडं बघू नका

शिट्टी वाजली आणि एकसष्ट माणसं पाच-पाचच्या रांगांत उभी राहिली. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, छातीवर आकडा. शूटिंगचा सतरावा दिवस होता.

तातेराव शेहेचाळीस नंबर. शेजारी त्यांची लेक ज्योत्स्ना, सत्तेचाळीस. ती भोकरदनला एका शिकवणीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. सुट्ट्या लागल्या होत्या, आणि आबांना आयुष्यात एकदा पडद्यावर दिसायचं होतं. म्हणून ती सोबत आली होती.

"आबा, अंग तापलंय तुमचं."

"बोलू नको. सीन चालू हाय."

"कुठला सीन?" मागच्या रांगेतला कडूबा पुटपुटला. "काकासाहेबाचा चहा चालू हाय अजून."

पहारेकऱ्यानं काठी आपटली. पहारेकरी हिंदी बोलायचे. ते बाहेरून आणलेले कलाकार आहेत, भूमिकेतून बाहेर येत नाहीत, असं सिनेमा काढणाऱ्या काकासाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सगळं त्यांनी समजावूनच सांगितलं होतं. पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्यानं आत, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात परदेशातल्या छळछावणीचा सेट होता. चारी बाजूंनी काटेरी तार होती. मोबाइल जमा केले होते, कारण फोटो बाहेर गेले असते. जेवण एकदाच, पातळ वरण आणि एक भाकरी. कैदी कैद्यासारखे दिसायला हवेत. मध्येच कुणी घरी जायचं नाही. एका सीनमध्ये असलेला माणूस पुढच्या सीनमध्ये नसला तर सगळा सिनेमा वाया. लोकांना ते पटलं होतं. ज्योत्स्नालाही पटलं होतं.

अभिनय कळावा म्हणून गोदामाची दारं लावून चादरीवर एक जुना युद्धपट दाखवला होता. त्यात एक बाई आजारी मैत्रिणीसाठी बाहीत पाव लपवायची. हजेरीच्या वेळी कैदी ओठ न हलवता एक गाणं गुणगुणायचे. शेवटाकडं सगळे हातात फावडी घेऊन फाटकाजवळ जमले, आणि काकासाहेबांनी मशीन बंद केलं.

"पुढं काय झालं?" ज्योत्स्नानं विचारलं होतं.

"पुढचं आपल्याला नको, ताई. आपल्या गोष्टीत ते नाही."

हजेरी झाली. सगळे टेकडीच्या पायथ्याशी खंदक खणायला गेले. खणलेला मुरूम घमेल्यांनी टिपरमध्ये भरायचा. भरलेले टिपर दिवसभर फाटकाबाहेर जायचे आणि रिकामे परत यायचे. ढीग कॅमेऱ्यात येता कामा नये म्हणून.

कॅमेरा पाण्याच्या टाकीवर होता, काळ्या कापडाखाली. खालून फक्त काचेचा गोल चमकताना दिसायचा. तो रिमोटवर चालतो म्हणे. "कॅमेऱ्याकडं बघू नका," हा पहिला नियम. तातेराव कधीच बघत नसत. पण टाकीखालून जाताना डोक्यावर घमेलं असलं तरी मान ताठ करत.

ज्योत्स्ना मात्र बघायची. पहिले दोन-तीन दिवस एक चिमणी काड्या आणि पिसं घेऊन टाकीकडं जायची. आता तिच्या चोचीत अळी असायची.

दुपारी तातेराव पडले. घमेलं एकीकडं, ते एकीकडं.

काकासाहेब छत्रीखालून आले. "वा! अस्सल पडलात. फक्त थोडं पुढं पडायला हवं होतं. जेवणानंतर परत घेऊ."

"ते खरंच पडले," ज्योत्स्ना म्हणाली. "ताप आहे त्यांना. दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"ताई, तेच तर पाहिजे असतं. शॉट मिळाला की गाडीनं सोडतो. शब्द देतो."

तातेरावांनी धुळीतूनच विचारलं, "साहेब, तोंड दिसलं का माझं?"

"दिसलं की."

काकासाहेब गेले. ज्योत्स्नानं बाहीतून कालची अर्धी भाकरी काढली आणि वडिलांच्या हातात ठेवली. त्यांना चावता येईना. ओठ सुकून पांढरे पडले होते. नाडी मिनिटाला एकशे बावीस. तिनं दोनदा मोजली.

"अजून एकदा पडलो की झालं," ते म्हणाले. "तुझी माय बघंल मंग. गावभर सांगंल."

"आबा, आता पडलात ते रेकॉर्ड झालं असेल तर परत पडायची गरज नाही."

"ते कोण सांगनार? साहेब तर परत म्हनून राह्यले."

"वर जाऊन बघते."

कडूबानं ऐकलं. "जा, पोरी. कोणी आलं तर मी खोकतो. तसाबी मला खोकलाच हाय."

जेवणाची सुट्टी झाली. पहारेकरी लिंबाखाली जेवत होते. काकासाहेब फाटकात अडकलेल्या टिपरवर ओरडत होते. ज्योत्स्ना टाकीच्या लोखंडी शिडीवर चढली. बावीस पायऱ्या. तापलेल्या लोखंडानं तळवे भाजले. रेकॉर्डिंगचा लाल दिवा कुठं असतो, तो शॉट परत कसा बघतात, काहीच माहीत नव्हतं. काकासाहेबांसमोर नेऊन दाखवता येईल एवढं काही सापडलं तरी पुरे होतं.

खाली कडूबा खोकायला लागला.

तिनं वाकून पाहिलं. जेवणाची सुट्टी संपायच्या आधीच पहारेकऱ्यानं तातेरावांना उठवलं होतं. डोक्यावर घमेलं दिलं होतं. ते टाकीच्या दिशेनं येत होते, एकेक पाऊल टाकत. टाकीखाली पोचल्यावर त्यांनी मान ताठ केली.

ज्योत्स्नानं काळं कापड उचललं.

कापडाखाली कूलरचा जुना पत्र्याचा डबा होता. पुढच्या भोकात बाटलीचं बूड बसवलेलं, आणि आत, वाळलेल्या काड्यांवर, चिमणीची चार पिल्लं चोची उघडून बसली होती.