गौरीचे हात

फाटक वाजलं तेव्हा कावेरीबाई कळलावीचा वेल सुतळीने कुंपणाला बांधत होत्या. माहेरच्या रानातून आणलेल्या त्या कंदाला यंदा त्यांनी पाण्याचा थेंबही घातला नव्हता. लेकच राहिली नाही, मग ही फुलं न्यायची कुणी? पण पाऊस पडला आणि वेल आपणहून उगवून लाल-पिवळ्या फुलांनी भरून गेला.

सासरच्या गौरीला हात म्हणून लावायला लेक दरवर्षी ही फुलं नेई. नेताना चिडवायची, "आई, एक कंद दे की! किती तो चिकटपणा!"

"कंद दिला, तर तू कशाला येशील गं इकडे?"

फाटकाबाहेर जावयाची नवी बायको रिकामी परडी घेऊन उभी होती. "ह्यांना यायचा धीर होईना, म्हणून मीच आले. सासूबाई म्हणाल्या, आपल्या गौरीला हात तुमच्याच वेलाचे लागतात."

कावेरीबाईंनी तिच्या गळ्यातलं कोरं मंगळसूत्र पाहिलं आणि वेलाकडे तोंड फिरवलं. सुतळी कापायची कात्री त्यांनी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी दोन टपोरी फुलं कापून त्यांनी परडीत ठेवली.

"एखादा कंद द्याल? म्हणजे दरवर्षी तुम्हाला त्रास नको."

"कंद नाही मिळायचा." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पुढच्या वर्षीही न्यायला तूच ये. आणि अशी फाटकाबाहेर उभी राहू नकोस."