चार ओळी

मरोळच्या कारखान्यातून परुळेकर साहेब थेट मुलुंडला माझ्या दारात आले, वजनकाट्याच्या कॉम्प्युटर प्रोग्रामचे छापील कागद घेऊन.

"झालं गेलं विसरा, मॅडम. वजनकाट्यातली एक चिप वजन मोजते, पण दुसरी आकडा दाखवता दाखवता मधेच गप्प होते. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय. ऑर्डर गेली तर माझी वाट लागेल."

बाळाला खांद्यावर थोपटत मी कागद चाळले.

"प्रोग्राम झकास आहे, सर. चिपच खराब आहे. सिंगापूरहून नवी मागवा."

"अहो, दीड महिना जाईल! नक्की ना?"

"मीच लिहिलाय ना तो?"

ते हात जोडून जिना उतरले. मी दाराला कडी लावली आणि ती नीट लागली का, ते दोनदा पाहिलं.

पहिल्या चिपने आकडा पाठवला की दुसरीचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, एवढ्यासाठी मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या तेव्हाच लाल पेनने खोडून साहेबांनी प्रोग्राममधून काढायला लावल्या होत्या आणि कडेला शेरा मारला होता, 'थांबायला वेळ नाही.' माझ्या बाळंतपणाच्या रजेच्या अर्जावरही त्यांनी हेच लिहिलं होतं, आणि खाली मला कामावरून काढल्याचं लिहून सही केली होती.