स्किपिओची हाडं

"बाबा, तुम्ही मेल्यावर तुम्हाला कुठे ठेवायचं?"

हा प्रश्न घरी विचारूनच दाखव, असं चॅलेंज लिनीला वर्गातल्या बेकी आणि डोनाने दिलं होतं. लॅटिनच्या तासाला रोमन सेनापती स्किपिओचा धडा झाला होता ना, म्हणून. बेकीच्या डॅडींनी तर थडग्याची जागासुद्धा सांगून टाकली होती.

"मृणालिनी," आई म्हणाली. पूर्ण नाव म्हणजे संपलंच. "जेवताना काय हे अभद्र?"

भांडी खोक्यांत गेली होती. तिघं कागदी प्लेटमधून वरणभात खात होते. बाबांनी जिथे वीस वर्षं भट्ट्या सांभाळल्या, तो पिट्सबर्गचा पोलाद कारखाना यंदा, त्र्याऐंशीत, बंद पडला. महिनाअखेरीला तिघांनी नागपूरला परत जायचं ठरलं होतं. म्हणजे बाबांनी ठरवलं होतं.

"कोण हा स्किपिओ?" बाबांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी ते आपणहून काही विचारत होते.

लिनी सरसावली. तिने प्लॅस्टिकचे चमचे ओळीने मांडले. "हे रोमन. आणि हे रोमच्या शत्रूचे, हॅनिबलचे हत्ती." तिने लोणच्याची बाटली पुढे सरकवली. "सगळ्यांना वाटलं, रोम गेलं आता. पण स्किपिओने सैन्यात मधे मधे गल्ल्या ठेवल्या होत्या. हत्ती त्यातून सरळ निघून गेले. हॅनिबल हरला. स्किपिओ एकदम हिरो. त्याला बघायला सगळं रोम रस्त्यावर."

"मग?"

"मग काही वर्षांनी त्याच लोकांनी त्याला कोर्टात खेचलं. तो चिडून समुद्राकाठच्या एका गावी निघून गेला. तिथेच मेला. म्हणाला म्हणे, रोमला माझी हाडंसुद्धा मिळणार नाहीत."

"हाडं कोंबडीची," आई म्हणाली. "माणसाच्या अस्थी."

बाबांनी हातातला घास प्लेटमध्ये ठेवला.

"बरोबर बोलला तो. परवा गेटवर माझा बॅज काढून घेतला. वीस वर्षं रोज गुड मॉर्निंग म्हणणारा माणूस, मला नाव विचारतो. स्पेलिंगसकट. या देशात माझ्याही अस्थी राहणार नाहीत, नीला. सांगून ठेवतो."

आईने उठून त्यांच्या प्लेटमध्ये भात वाढला.

"मुलंबाळं होती त्याला?" बाबांनी विचारलं. "तीपण गेली असतील त्याच्याबरोबर."

हे धड्यात नव्हतं. लिनीने लायब्ररीत जाऊन शोधलं होतं.

"मुलगी होती. कॉर्नेलिया. ती रोमलाच नांदली, मुलं तिथेच वाढवली. पुढे रोमने तिचा पुतळा उभा केला. त्याच्याखाली तिचं नाव कोरलं, आणि त्याच्यापुढे बापाचं."

"बापाचं?"

"हो. आपल्यासारखंच."

तिने एक चमचा ओळीतून उचलला, पण परत ठेवला नाही.

"मी तिकडे स्टेट कॉलेज गावात वसुधामावशीला फोन केलाय. शाळेचं शेवटचं वर्ष मी तिच्याकडे राहून करणार. मी इथेच राहणार, बाबा. आणि शाळेत आता एम. वाडेगावकर लिहिणार नाही. मृणालिनी हेमचंद्र वाडेगावकर. स्पेलिंगसकट."