कबुलीची तारीख

आज खरं बोलायचंच, असं ठरवून खेमराज कोर्टात आला होता. पण त्याच्या साक्षीचा पुकारा होण्याआधीच आरोपीच्या पिंजऱ्यातून धनवंता म्हणाली, “साहेब, मले गुन्हा कबूल आहे.”

सरकारी वकिलांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. खेमराजच्या छातीतून मोठा श्वास सुटला. आता साक्ष नाही, उलटतपासणी नाही. सुटलो, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच त्याची इतकी लाज वाटली की त्यानं मान खाली घातली.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. खेमराज पाटबंधारे खात्यात कालव्यावरचा चौकीदार. त्या एप्रिलात उन्हाळी धानासाठी इटियाडोह धरणाचं पाणी पाळीपाळीनं सुटत होतं. शेवटच्या टोकाला असलेल्या धनवंताच्या बांधीत, तिच्या धानाच्या शेतात, ते पोचतच नव्हतं, आणि तिचं धान तर ओंबीवर आलेलं. दोन दिवस ती गेटपाशी येऊन बसली. “अर्धा दिवस तरी राहू द्या, भाऊ,” एवढंच म्हणायची. तिसऱ्या दिवशी दुपारी खेमराज गेट बंद करायला आला तो साळ्याच्या लग्नातून, मोहाची पिऊन. चाक फिरवता फिरवता तोल गेला आणि तो कालव्यात पडला.

पाण्याला ओढ होती. धनवंता लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरली. कॉलर धरून तिनं त्याला काठावर ओढलं. तो डोळे उघडेना, म्हणून दोन थोबाडीत मारल्या. पलीकडच्या रस्त्यानं दोघं जण सायकलवरून चालले होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक बाई सरकारी माणसाला मारते आहे.

संध्याकाळी इंजिनिअर साहेब आले. तोवर दारू उतरली होती, पण गेट उघडंच होतं.

“शर्ट कसा फाटला? पिऊन होतास काय रे?”

खेमराजला घर दिसलं, बायको दिसली, म्हातारा बाप दिसला. तो म्हणाला, “नाही साहेब. तिनं गेट बंद करू नाही दिलं. मारलं मले. कालव्यात ढकललं.”

साहेबांनी त्याला तसाच मोटरसायकलवर बसवून पोलीस ठाण्यात नेलं. सरकारी कामात अडथळा, सरकारी नोकरावर हात टाकला, कलम तीनशे त्रेपन्न. धनवंता ठाण्यात सांगत राहिली, “मी तं त्यायले वाचवलं.” हवालदार हसला. सायकलवाल्या दोघांनी जे पाहिलं तेच सांगितलं. आठ दिवस ती भंडाऱ्याच्या जेलात होती. परत आली तेव्हा उभं धान वाळून तणस झालं होतं.

मग तारखा सुरू झाल्या. धनवंता कोर्टाच्या व्हरांड्यात भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसायची. खेमराज टायपिंगवाल्यांच्या टेबलांमागून वळसा घालून आत जायचा. एकदा दोघं एकाच एस.टी.त सापडले. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. तो पंधरा किलोमीटर दांड्याला धरून उभा राहिला.

आणि आज तिनंच कबूल केलं होतं.

“कुणी दबाव आणला का तुमच्यावर?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही जी.”

“काय केलंत तुम्ही?”

“मारलं त्यायले. ढकललं.” पाठ केल्यासारखं तिनं सांगितलं. खेमराजकडे तिनं बघितलंही नाही.

पहिलाच गुन्हा, त्यात विधवा बाई. कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवण्याची शिक्षा देतो, असं काहीसं म्हणत न्यायाधीशांनी पेन उचललं. तेव्हा खेमराज उठून उभा राहिला. आपण उठलो हे त्याला उठल्यावर कळलं.

“खोटं आहे, साहेब! मीच पिऊन होतो. माह्याच पायानं पडलो. या बाईनं मले बाहेर काढलं, नाही तं मी मेलोच होतो.”

सरकारी वकिलांनी त्याची बाही ओढली. “नोकरी गेली तुझी, समजतं का काही?”

समजत होतं. तरी तो बसला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच भरल्या कोर्टात त्याची मान वर होती.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “बाई, हा म्हणतो ते खरं आहे?”

धनवंतानं पिंजऱ्याचा कठडा धरला. मग हळूच म्हणाली, “मी कबूल केलं ना, साहेब. तेच लिहून घ्या ना.”

पण तसं लिहून घेता येत नव्हतं. आता फिर्यादीची साक्ष शपथेवर व्हायला हवी होती. सरकारी वकिलांनी मुदत मागितली. सायकलवाल्या दोघांना पुन्हा समन्स निघणार होतं. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची पडली.

खेमराजनं तिला व्हरांड्यात गाठलं. त्याचे हात आपोआप जोडले गेले होते. “माफ करा, बाई. फार उशीर केला मी. पण आता तुमी सुटान, पक्कं सुटान.”

धनवंतानं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. थकवा होता.

“वकिलानं सांगतलं होतं, हो म्हन, आजच संपते. पोरगी नागपूरले राहते. उद्या सकाळच्या गाडीनं मी कायमची तिच्याकडं जाणार होती. बोचकं बांधून ठेवलं आहे घरी.”

खेमराजचे जोडलेले हात खाली आले.

“तुमचं मन हलकं झालं, भाऊ,” ती म्हणाली. “मले पुन्हा तारखेले येणं आहे.”