टॉवेलची गाठ

पावलसमामांनी चष्मा लावला, येत्या रविवारचं शुभवर्तमान उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. लाजरसची गोष्ट निघाली होती. मेलेल्या भावासाठी रडणाऱ्या दोन बहिणी, आणि त्याला हाक मारून कबरेतून उठवणारा येशू.

आणि बसले होते ते मंजुळाबाईंच्या घरात. त्यांचा एकुलता एक जयदीप तिसरी पाळी करून घरी येताना चाकणच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला, त्याला अजून दोन महिनेही झाले नव्हते.

जालन्याकडून पोटासाठी आकुर्डीत आलेली ही आठ-दहा कुटुंबं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी जमायची आणि रविवारी देवळात जे वाचलं जाणार ते आधीच एकत्र वाचायची. आजची पाळी खरं तर तनुजाची. पण तेवढंच घर भरल्यासारखं वाटेल बिचारीला, म्हणून मामांनीच ती इकडे आणली. वाचायचं काय आहे, ते बघायचं मात्र राहून गेलं. भलं करायला निघालेला माणूस असाच तोंडघशी पडतो.

मामांनी भराभर पानं उलटली. "वहिनी, आज आपण दुसरंच काहीतरी वाचू. ती हरवलेल्या मेंढराची गोष्ट..."

"रविवारी फादर कोणतं वाचणार हायेत?" मंजुळाबाईंनी विचारलं.

मामांनी परत लाजरसचं पान काढलं.

"मग तेच वाचा. तिथं बी आयकायचंच हाय ना मला."

मामांनी वाचलं. लाजरसची बहीण मार्था येशूला म्हणते, चार दिवस झालेत, कबरेच्या तोंडावरची धोंड काढू नका, वास येईल. ती ओळ तर त्यांनी जवळजवळ गिळलीच. शेवटी लाजरस बाहेर येतो तेव्हा त्याचे हातपाय कापडानं बांधलेलेच असतात. येशू ते स्वतः सोडत नाही, जमलेल्या लोकांना म्हणतो, सोडा, मोकळं करा त्याला. तिथवर आल्यावर मामांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

वाचून झालं की प्रत्येकानं मनाला चिकटलेला एकच शब्द बोलायचा, अशी या लोकांची रीत. कुणी का म्हणून विचारायचं नाही, कुणी उलगडून सांगायचं नाही. त्या दिवशी जो तो चिखलात दगड शोधून पाय टाकावा तसा शब्द शोधत होता. तनुजा म्हणाली, "विश्वास." तिच्या नवऱ्यानं डोकं न चालवता "विश्वास"च म्हटलं. एकजण "बेथानी" म्हणाला. गावाच्या नावानं कुणाचं मन दुखत नाही.

मग मंजुळाबाईंची पाळी आली. त्या कपाटाच्या माथ्याकडे बघत होत्या. तिथं एक गाठोडं होतं. जयदीपच्या कंपनीतल्या लॉकरमधलं सामान मित्रांनी त्याच्याच टॉवेलात बांधून आणून दिलं होतं. अंगावरून काढून ठेवलेला युनिफॉर्मचा शर्ट, टोपी, नॅपकिन. आणलं तसंच ते वर पडून होतं. त्यांचे मालक शांतवनभाऊ म्हणायचे, सोडू या, कपडे धुऊन कुणा गरजवंताला देऊ. त्या हात लावू द्यायच्या नाहीत. या गाठोड्यापायी नवरा-बायकोचं बोलणंच बंद झालं होतं.

"वास," मंजुळाबाई म्हणाल्या.

कुणी कुणाकडे बघेना.

"सांगायचं नसतं, ठावं हाय मला. पर सांगते. ती मार्था म्हनती, उघडू नका, वास येईल. मी ह्यांना म्हनते, सोडू नका, वास जाईल." त्यांचा आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "त्या शर्टाला अजून त्याचा वास हाय. घामाचा, ऑइलचा. हे कामाला गेले की मी गाठीला नाक लावून बसते. लई कमी झालाय आता. सोडलं की गेला. मग काय राहतंय माझ्याकडं त्याचं?"

शांतवनभाऊ मान खाली घालून बसले होते. इतके दिवस त्यांना तो बायकोचा हट्ट वाटत होता.

"भाऊ, तुमचा शब्द?" मामांनी हळूच विचारलं. विचारलं आणि विचारायला नको होतं असं त्यांना वाटलं.

"मोकळं," शांतवनभाऊ म्हणाले आणि लेकराला मूठमाती देतानाही न रडलेला तो माणूस सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडायला लागला. "मला बी येतो गं त्यो वास, मंजुळा. तू निजलीस की मी बी तिथंच उभा असतो. म्हनून तर सोडू म्हनतो. न्हाई सोसत."

मंजुळाबाई उठल्या. स्टुलावर चढून त्यांनी गाठोडं खाली घेतलं, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि वाचनासाठी लावलेल्या मेणबत्तीशेजारी नवऱ्यापुढे ठेवलं.

"सोडा," त्या म्हणाल्या.

शांतवनभाऊंनी हात पुढे केला.

"थांबा जरा."

मंजुळाबाईंनी आधी दार लावलं. मग खिडकी ओढून घेतली, कडी घातली. मार्चचा उकाडा, एवढीशी खोली, एवढी माणसं.

"तनुजा, तेवढा पंखा बंद कर गं," मंजुळाबाई म्हणाल्या.

तनुजानं बटण दाबलं. पाती पूर्ण थांबेपर्यंत शांतवनभाऊंनी गाठीला हात लावला नाही.