बुरुलला सांगू नका

काराकोल शहरातल्या एका कचेरीत सकाळी दहाला बुरुलच्या कॉम्प्युटरवर एक चौकट टपकन उघडली. 'बुरुल एजेचे वडील पहाटे वारले. तिला कोणी काही बोलू नका. दुपारी गावची म्हातारी माणसं येऊन रीतीनं सांगतील.' फोनवर बसणाऱ्या ऐचुरेकनं घाईघाईत निरोप 'सगळ्यांना' पाठवला होता, आणि सगळ्यांत बुरुलही आली. कचेरीतल्या धाकट्या मुली तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत.

चौकटीला एकच बटण होतं: 'ठीक आहे'. ते दाबल्याशिवाय ती हटेना. बुरुलनं दाबलं.

थोड्या वेळानं ऐचुरेक तिच्यासाठी चहा घेऊन आली.

"डोळे का गं लाल तुझे?" बुरुलनं विचारलं.

"सर्दी झालीये, एजे."

आजूबाजूला अख्ख्या कचेरीलाच सर्दी झालेली दिसत होती.

"मग चहात जॅम घालून पी जरा," बुरुल म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय रडायचं नाही, हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं. शिवाय आता रडली असती, तर ऐचुरेकला जन्मभर तोंड लपवावं लागलं असतं.

दुपारी उंच पांढऱ्या टोप्या घातलेले तीन म्हातारे आले. कचेरी उठून उभी राहिली. त्यातला सगळ्यात थोरला तिच्याशेजारी बसला, त्यानं तिचा हात हातात घेतला.

"पोरी, तुमच्या घरचा ससाणा आज पहाटे उडाला. डोंगरापलीकडे गेला, तो परतलाच नाही."

आता रडायला मोकळीक होती. सगळे तिच्या हंबरड्याची वाट बघत होते. बुरुलनं तोंड उघडलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.