बिनविरोध

सत्तरीवरच्या गटात एकट्या टिपणीसांचंच नाव होतं. पोहत पलीकडची भिंत गाठली की क्लबच्या प्रौढ जलतरण स्पर्धेतलं सुवर्णपदक त्यांचंच. म्हणून तर त्यांनी व्याही, विहीणबाई, नातवंडं, सगळ्यांना गॅलरीत आणून बसवलं होतं.

"तयार!" पंच म्हणाले. शिट्टी वाजायच्या आतच टिपणीसांनी सूर मारला. मागून आरडाओरडा झाला, तो त्यांना जयजयकार वाटला. जीव खाऊन हात मारत त्यांनी भिंत गाठली आणि मूठ उंचावली.

"काका, उडी शिट्टीच्या आधी पडली. तुम्ही बाद," पंच ओशाळून म्हणाले.

बायकोने टॉवेल पुढे केला. "अहो, एकटेच तर होतात! कुणाच्या पुढे जायची एवढी घाई झाली होती?"

"बर्व्याच्या," टॉवेलात तोंड खुपसून टिपणीस पुटपुटले. "कॉलेजात कायम तोच पहिला यायचा."